प्रार्थनेसाठी म्हणून सांगते

चर्चमधली रविवारची उपासना संपली की दाराशी जी गर्दी होते, तिच्यात थोडं रेंगाळायला मला आवडतं. पाळक दारात उभे राहून एकेकाशी हात मिळवत असतात आणि दर वेळी झग्याची बाही मनगटावर ओघळली की ती मागे सारतात. संडे स्कूलची मुलं ओल्या रंगाचे कागद हवेत हलवत धावत येतात. आत कोणीतरी बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत असतं. त्या दिवशी आम्ही तिघीचौघी अशाच बाजूला उभ्या होतो. सर्दी-खोकला, मुलांच्या परीक्षा असं काहीबाही चाललं होतं. मग आमच्यातल्या एकीने आवाज खाली आणला, माझा कोपर हलकेच धरून मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." पुढे त्या रविवारी न आलेल्या एका घराचं नाव आलं. सून, सुनेचं माहेर, परत न येण्याची भाषा. वाक्य अर्ध्यावर असेल नसेल, तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी, ज्यांना सगळ्याच मावशी म्हणतात, अगदी साध्या सुरात विचारलं, "तिने सांग म्हणून सांगितलंय का गं?"

"तसं नाही मावशी, पण प्रार्थनेत आठवण ठेवावी म्हणून..."

"मग नाव न घेता ठेवू. देवाला नाव माहीत असेल."

एवढं बोलून मावशींनी माझ्या मुलाच्या गणिताच्या पेपरची चौकशी सुरू केली. सांगणारी हसली, आम्हीही हसलो, कोणाला काही लागलं असं दिसलं नाही. पण मला तो प्रसंग पुढे बरेच दिवस टोचत राहिला, आणि त्याचं कारण मावशींचं उत्तर नव्हतं. सांगणारी बाई कुचाळक्या करणारी नाही. मंडळीत कोणी दवाखान्यात असलं की रात्री उशाशी बसायला तीच आधी जाते. त्या सुनेसाठी तिने खरोखर गुडघे टेकले असते, याबद्दल मला शंका नाही. आणि तरीही तो उतरलेला आवाज, तो धरलेला कोपर, ते 'हं'. प्रार्थनेला इतकं कुजबुजावं लागत नाही. त्या एका वाक्यात कळवळाही होता आणि चवही होती, आणि दोन्ही इतकी एकजीव झाली होती की तिची तिलाही ती वेगळी काढता आली नसती.

आम्हा विश्वासणाऱ्यांकडे अशी बरीच वाक्यं असतात. 'प्रभूने माझ्या मनात घातलं' असं कोणी कमिटीच्या बैठकीत म्हटलं की पुढे बोलणार काय? हरकत घ्यायची तर ती थेट वरच घ्यावी लागते. 'प्रार्थनापूर्वक विचार करून कळवतो' याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच असतो. विचारणाऱ्यालाही तो कळतो, पण कोणी नाही म्हटलंच नाही असं धरून दोघं आपापल्या घरी जातात. 'प्रीतीनेच सांगतोय, राग मानू नका' याच्या पुढे प्रीतीचं काही आल्याचं मी फार क्वचित ऐकलंय. आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं करून थकलेल्या बाईला 'देव सामर्थ्य देईल' असं म्हणून आपण निघतो, तेव्हा तिला हवं असतं ते एवढंच की कोणीतरी दोन तास तिच्या जागी बसावं आणि तिला झोपू द्यावं. यातलं एकही वाक्य मुळात खोटं नाही. ही वाक्यं जिवाच्या आकांताने, खरीखुरी बोलली गेलेलीही मी ऐकली आहेत. म्हणूनच त्यांच्याआड लपणं सोपं जातं. कोणी बोट ठेवायला गेलं तर ते आपल्यावर पडायच्या आधी विश्वासावर पडतं.

बायबलच्या नव्या करारात याकोबाचं एक पत्र आहे. त्याला या प्रकाराची चीड होती असं ते वाचताना जाणवतं. अंगावर धड वस्त्र नाही, आजच्या जेवणाची भ्रांत आहे, अशा भावाबहिणीला कोणी म्हणतो की सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. आणि देत काहीच नाही. याचा उपयोग काय, असं तो विचारतो. तो माणूस काही वाईट बोललेला नाही. आशीर्वादच दिलाय त्याने. लगेच पुढच्या अध्यायात जिभेचं ते प्रसिद्ध प्रकरण येतं. घोड्याच्या तोंडातला लगाम, एवढ्या मोठ्या तारवाला वळवणारं छोटंसं सुकाणू, रानाला आग लावणारी ठिणगी. संडे स्कूलमध्ये आम्ही ही चित्रं रंगवली आहेत, आणि माझ्या मनात कित्येक वर्षं असं पक्कं बसलं होतं की हा अध्याय शिवीगाळ करणाऱ्यांसाठी, भांडखोरांसाठी आहे. पण त्याची सुरुवात कुठे होते ते पाहण्यासारखं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होणार, इथून याकोब सुरुवात करतो. म्हणजे त्याच्यासमोर आहेत ती देवाबद्दल बोलणारी माणसं. पुढे ज्या जिभेवर तो तुटून पडतो, तीही प्रभूची स्तुती करणारीच जीभ आहे. तीच जीभ देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देते, हे त्याला सहन होत नाही.

शिवराळ माणसाला निदान आपण शिवराळ आहोत हे ठाऊक असतं.

बोलण्याचा विषय निघाला की मला हमखास आठवतो तो प्रमुख याजकाच्या वाड्यातला पेत्र, येशूचा शिष्य. रात्रीची वेळ आहे, थंडी आहे, अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला आहे आणि तो नोकरचाकरांमध्ये शेकत उभा आहे. आत त्याच्या गुरूची चौकशी चाललीय. एक दासी म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास. तो नाही म्हणतो. दुसरी म्हणते, तो पुन्हा नाही म्हणतो. मग तिथे उभे असलेले लोक म्हणतात, तू खात्रीने त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतंय. गालीलच्या कोळ्याचा हेल यरुशलेमेतल्या माणसांना लपून राहिला नाही. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला थांबवतं ते त्यापुढचं, मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात जाता जाता लिहिलेलं: पेत्र शाप देऊ लागला, शपथा वाहू लागला. मी त्या माणसाचा नाही हे पटवायला त्याला दुसरा पुरावा सुचला नाही. हेल काही बदलता येत नव्हता, म्हणून त्याने बोलणं बदललं. तीन वर्षं ज्याच्यासोबत भाकर खाल्ली त्याची माणसं असं बोलत नाहीत हे पेत्राला माहीत होतं, आणि ते त्या अंगणातल्या लोकांनाही माहीत असणार असं त्याने गृहीत धरलं होतं. विश्वासाच्या इतिहासात बोलण्याबद्दल याहून मोठी साक्ष मला माहीत नाही, आणि ती नकार देणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेली आहे. आज मी कुठल्या अंगणात उभी राहून 'मी त्यांच्यातली नाही' हे सिद्ध करायचं ठरवलं, तर माझ्या रोजच्या बोलण्यातलं नेमकं काय बदलावं लागेल? 'प्रभूची स्तुती असो' गाळून टाकायला एक मिनिट पुरेल. बाकीचं तसंच ठेवलं तरी कोणाला फरक कळेल का, हा प्रश्न मला आवडत नाही.

माझे बाबा प्रार्थनासभेत फारसे बोलत नसत. पाळी आली की ते येशूने शिकवलेली, सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणत आणि आमेन म्हणून खाली बसत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण इतरांचे वडील पाच-पाच मिनिटं डोळे मिटून ओघवतं बोलत. त्या काळात फोन भिंतीजवळच्या तिपाईवर असायचा आणि उचलायचं काम माझ्याकडे होतं. कामावरून दमून आलेले बाबा आडवे झालेले असले की त्यांना कोणाशी बोलायचं नसे. 'बाबा घरात नाहीत म्हणून सांग' हे वाक्य आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात होतं. आमच्याकडे वाक्य वेगळं होतं: "सांग, बाबा आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत." पलीकडचा माणूस विचारायचा, म्हणजे घरात आहेत ना? मी म्हणायचे, हो. मग एक शांतता. रिसीव्हर कानाला गरम लागायचा, त्याची गुंडाळलेली वायर मी बोटाला पीळ घालत बसायचे आणि मनात म्हणायचे, 'नाहीत' म्हटलं असतं तर दोघांचीही सुटका झाली असती. ते खरंही होतं. खोटं बोलणं तिथे जास्त सौजन्याचं ठरलं असतं. बाबांनी त्यामागचं कारण कधी समजावून सांगितलं नाही, बायबलमधलं वचन तर नाहीच. नंतर कधीतरी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात 'होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे' हे वाचलं, तेव्हा मला आधी ती वायर आठवली.

या एका ओळीसाठी माणसांनी तुरुंग पाहिले आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्याबरोबरच्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींनी ही ओळ अक्षरशः धरली. न्यायालयात शपथ घ्यायची नाही. शपथेवर खरं बोलतो असं म्हणायचं, तर मग एरवी काय बोलतो? राजनिष्ठेची शपथही घ्यायची नाही, त्यासाठी 1664 मध्ये फॉक्स लँकेस्टरच्या कैदेत गेला, आणि त्याच्यासारखे कितीतरी जण गेले. शपथेऐवजी गंभीरपणे साधं विधान केलेलं चालेल असा कायदा पार्लमेंटने 1696 मध्ये केला, तोवर फॉक्सला जाऊन पाच वर्षं झाली होती. हीच ओळ त्यांनी दुकानातही आणली. मनात एक भाव ठेवून तोंडाने चढा सांगायचा आणि घासाघीस करत खाली यायचं, हे त्यांना खोटं बोलणंच वाटे. म्हणून एकच भाव, सगळ्यांना. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं. मग लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान मूल पाठवलं तरी फसवणूक होत नाही, आणि धंदा वाढला. स्वतः फॉक्सनेच हे समाधानाने लिहून ठेवलंय. मला मात्र या गोष्टीचा शेवट दर वेळी थोडा खटकतो. प्रवचनांत ती सांगितली जाते तेव्हा 'आणि बघा, त्यांची भरभराट झाली' इथे आवाज चढतो. तुरुंगातल्या ओल्या भिंतींत ज्यांनी दिवस काढले, त्यांना त्या भरभराटीतलं काय मिळालं? शिवाय या माणसांसोबत राहणं अवघड असावं असंही मला वाटतं. कोणापुढेही टोपी काढणार नाही, कोणाला आदरार्थी संबोधणार नाही. असा शेजारी मला एका बैठकीपुरता फार आवडेल, जन्मभर झेपेल की नाही सांगता येत नाही.

आणि खरं बोलणं इतकं सरळ नसतं, हे सांगणारा माणूसही ख्रिस्तीच होता, आणि त्याच्याइतकी किंमत फार थोड्यांनी मोजली. डीट्रिश बोनहोफर हा जर्मन पाळक नाझींच्या तुरुंगात असताना, 1943 मध्ये, खरं बोलणं म्हणजे काय यावर काही पानं लिहीत होता. ती पुरी झाली नाहीत. त्यात त्याने एक प्रसंग कल्पिला आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझे वडील पुष्कळदा दारू पिऊन घरी येतात, हे खरं का? ते खरं असतं. मूल म्हणतं, नाही. बोनहोफर म्हणतो, मुलाचं उत्तर खोटं आहे हे खरंच, पण त्या खोट्यात सत्य जास्त आहे, कारण शिक्षकाला तो प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता. कुटुंबाचं असं काही असतं जे वर्गात उघडं करायचं नसतं. 'हा तुमचा प्रश्न नाही' असं म्हणायला मोठ्या माणसाकडे शब्द असतात, मुलाकडे नव्हते, म्हणून ते नाही म्हणालं. हे लिहिणाऱ्याची त्या दिवसांत चौकशी चालू होती आणि त्याच्या तोंडून एखादं नाव निसटलं असतं तर त्याच्या आप्तमित्रांचे जीव गेले असते. एप्रिल 1945 मध्ये त्याला फाशी दिली. खरेपणाबद्दलचं त्याचं म्हणणं आरामखुर्चीतलं नाही, म्हणून ते मला झटकून टाकता येत नाही.

हे वाचल्यावर बाबांचं फोनवरचं वाक्य मला नव्याने ऐकू आलं. 'आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत' यात खोटं काही नाही, आणि ते का येऊ शकत नाहीत हे सांगितलेलंही नाही. दार लावलेलं आहे, पण दारावर खोटी पाटी नाही. आणि मावशींचा प्रश्नही याच जातीचा होता. सुनेचं माहेरी जाणं खरं की खोटं हे त्यांनी विचारलंच नाही. ते सांगायचा हक्क कोणाचा, एवढंच विचारलं.

याच बोनहोफरने त्याआधी, 1935 पासून, फिंकनवाल्डे इथे एक लहानसं सेमिनरी चालवलं होतं. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केलं. तिथे तरुण होतकरू पाळक एकत्र राहत, आणि त्यांच्यासाठी एक नियम होता: जो हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर जाऊन त्याला तसं सांगायचं. नियमाचा पहिला अर्धा भाग कुठल्याही भिंतीवर लावता येईल. खरा जीव दुसऱ्या भागात आहे. कल्पना करून पाहावी. संध्याकाळी गप्पांत कोणाच्या तरी गाण्याच्या आवाजाची टर उडवली, आणि मग उठून त्याच्या खोलीचं दार वाजवायचं: अरे, मघाशी आम्ही तुझ्याबद्दल असं बोललो. बोनहोफरच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने, एबरहार्ड बेटगेने, पुढे लिहिलंय की हा नियम पाळताना आणि मोडताना त्यांना जवळजवळ प्रवचनांइतकंच शिकायला मिळालं. त्याच्याही पंधराशे वर्षांपूर्वी हिप्पोचा बिशप असलेल्या ऑगस्टीनने आपल्या जेवणाच्या मेजाजवळ दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. पाठीमागे कोणाचे लचके तोडण्यात ज्याला गोडी आहे त्याला या मेजावर जागा नाही, अशा अर्थाच्या. आलेले बिशपही त्या विसरले, तर एकतर ओळी पुसा नाहीतर मी उठून आत जातो, असं तो त्यांना सुनवायचा. म्हणजे बिशप लोकांचीही जीभ जेवताना सैल सुटत होती. मला हे वाचून फार बरं वाटलं.

इथवर लिहिलं आणि अस्वस्थ झाले, कारण याच नियमांचा दुसरा वापरही मी पाहिलाय. 'निंदा करू नये', 'आपण कोण न्याय करणारे', 'मंडळीची बदनामी होईल' ही वाक्यं ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं तोंड बंद करायला जितकी उपयोगी पडतात तितकी कशालाच पडत नसतील. 2002 मध्ये बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने तिथल्या कॅथलिक धर्मप्रांतातलं प्रकरण उघड केलं. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं गुपचूप एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं, आणि सगळा कारभार अत्यंत सभ्य भाषेत चालला होता. पत्रं मऊ होती, आशीर्वादाने संपणारी होती. तिथे कोणीतरी मोठ्याने, नाव घेऊन, पाठीमागे बोलायला हवं होतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो क्रम घालून दिलाय त्यातली पहिलीच पायरी आपण पाठ करतो: भावाने अपराध केला तर तो एकटा असताना त्याच्याकडे जा. पण पुढच्याही पायऱ्या आहेत. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. गप्प राहा, असं त्यात कुठेही नाही. अपराधाबद्दल बोलणं आणि अपराधाचा चघळचोथा करणं यांत फरक कसा करायचा याचा नियम मला सापडलेला नाही. एक ढोबळ खूण आहे तेवढी: बोलताना आवाज उतरतो की चढतो. अन्याय सांगणाऱ्याचा आवाज सहसा थरथरतो, कुजबुजत नाही. पण ही खूणही दर वेळी लागू पडेल असं नाही.

रोजच्या दिवसात मात्र असे मोठे पेच थोडेच येतात. रोज येतात ते नकार. कोणी उसने पैसे मागतं, कोणी वेळ मागतं, कोणी सुट्टीच्या दिवशी काम टाकतं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात कोठारघर सांभाळणाऱ्यावर एक अख्खा अध्याय आहे, आणि तो मला सगळ्या नियमावलीतला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो. एखादा भाऊ अवाजवी काही मागायला आला तर त्याला तुच्छतेने दुखवू नये. नाही म्हणावं, पण कारण देऊन, नम्रपणे. आणि द्यायला काहीच नसेल तर निदान एक चांगला शब्द द्यावा. म्हणजे नकाराची पूर्ण मोकळीक आहे, फक्त समोरच्याला लहान करायची नाही. त्याच अध्यायात असंही आहे की मठाची भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांइतक्याच जपणुकीने वापरावीत. शब्द आणि पातेली एकाच माणसाच्या ताब्यात, एकाच अध्यायात. पुढे द्वारपालाचाही अध्याय आहे. हा माणूस वयस्क, समंजस असावा, निरोप नीट घेता-देता यावा. दार वाजलं किंवा कोणी गरिबाने हाक मारली की त्याने आधी 'देवाला धन्यवाद' म्हणावं, कोण आलंय हे कळायच्याही आधी. मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी नंबर चमकताना हे म्हणून पाहावं असं मी ठरवलंय. विमा विकणाऱ्यापुढे ते टिकतं का, याचा निकाल अजून लागायचा आहे.

हे सगळं मला तपासायला लागलं ते एका शिफारसपत्रामुळे. शिफारसपत्र म्हणजे तरी काय, तिसऱ्याजवळ पाठीमागे बोलणंच, फक्त खाली सही करून. माझ्या हाताखाली काम केलेली एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करत होती. हुशार, चटपटीत, सगळ्यांची लाडकी. आणि अर्धवट काम दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून निघून जायची सवय असलेली. फॉर्ममध्ये 'जबाबदारीची जाणीव' असा एक रकाना होता आणि त्यापुढे पाच चौकोन, 'असमाधानकारक'पासून 'असामान्य'पर्यंत. अशा फॉर्ममध्ये सगळे शेवटच्या चौकोनात खूण करतात. वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्यामुळे मधल्या 'चांगली'वर कोणी खूण केली तर तो तिचा अर्थ 'वाईट' असाच लावणार. म्हणजे मी अगदी खरं लिहिलं तरी त्याच्यापर्यंत खोटंच पोहोचणार, आणि 'असामान्य' लिहिलं तर कदाचित तो मनातल्या मनात भाव खाली आणून बरोबर आकड्यावर येणार. जिथे सगळा बाजार चढा भाव सांगतो, तिथे एकच भाव सांगणाऱ्या क्वेकराचं काय होतं? त्याच्या स्वतःच्या दुकानात ते ठीक होतं. इथे दुकान माझं होतं आणि माल दुसऱ्याचा.

मी तिला बोलावलं आणि फॉर्म तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, मी लिहीन, मनापासून लिहीन, तुझ्या बुद्धीबद्दल हात आखडणार नाही, पण या एका रकान्यात मधला चौकोन भरीन, आणि ते तुला आधी सांगावं असं वाटलं. ती पेनचं टोपण काढत-लावत राहिली. त्याचा टक-टक आवाज बराच वेळ चालला. मग म्हणाली, "पण मॅडम, सगळेच शेवटचा भरतात ना." हे खरंच होतं, आणि त्यावर माझ्याकडे वचन नव्हतं. तिने फॉर्म परत घेतला, पत्र दुसऱ्या कोणाकडून नेलं, आणि तिला प्रवेश मिळाला. भेटली की बोलते, पूर्वीपेक्षा थोडं जपून.

घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने शांतपणे विचारलं, "तुझ्या 'होय तर होय'ची किंमत तिने का द्यायची?" तो काही विश्वासाची टिंगल करणारा नाही, माझ्याहून नेमाने उपासनेला जातो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की स्वतःच्या खिशातून मोजायची ती निष्ठा, दुसऱ्याच्या खिशातून मोजायची तो हट्ट. मी म्हटलं, मग खोटं लिहायचं? तो म्हणाला, "खोटं कशाला, तुझं माप कुठलं आहे ते फॉर्मवरच लिहायचं होतंस." हे मला सुचलं नव्हतं. या महिन्यात दुसऱ्या एका मुलाचा असाच फॉर्म आला तेव्हा अभिप्रायाच्या कोऱ्या जागेत मी सगळ्यात आधी हे लिहिलं: 'वरचे शब्द मी त्यांच्या रोजच्या अर्थाने वापरले आहेत, माझ्याकडून 'चांगला' म्हणजे चांगला.' मग चौकोन भरले, मुलाला दाखवले, आणि त्याने हसून "चालेल" म्हटल्यावर पाठवून दिले. वाचणारा त्याला प्रामाणिकपणा म्हणेल की आगाऊपणा, ते कळलेलं नाही. मुलाला अजून उत्तर यायचंय.